दिवा, पडदा आणि चित्र

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें निघालें, म्हणजे लोणी आणि उरुळी मागें पडतात, दौंड तालुक्याची हद्द लागते आणि यवत येण्यापूर्वीं कासुर्डी हें गांव येतें. आसपासच्या मुलखांत उंसाचे मळे आहेत आणि हंगामांत गुऱ्हाळांचा धूर दिसतो. रस्त्यावरून रात्रंदिवस वाहनें धांवत असतात. त्यांतील बहुतेकांना या गांवाचें नांवही ठाऊक नसतें. यवतहून दक्षिणेकडे फुटणारी वाट मात्र डोंगर चढून भुलेश्वराच्या देवळापाशीं जाते. देऊळ यादवकालीन आहे. सतराव्या शतकांत विजापूरकरांचा सरदार मुरार जगदेव यानें या डोंगरावर दौलतमंगळ किल्ला बांधला, त्यामुळें तें तटाच्या आंत आलें. बाहेरून पाहणाऱ्यास मागाहून झालेलें चुनेगच्ची काम दिसतें आणि आंत कांहीं विशेष असेल अशी शंकाही येत नाहीं. परंतु आंत पाऊल टाकतांच काळ्या पाषाणाच्या भिंती मूर्तींनीं भरलेल्या आढळतात. रामायण-महाभारतांतील प्रसंग आहेत, सुरसुंदरी आहेत, आणि गणपतीचें स्त्रीरूप जी वैनायकी तीही आहे. उजेड बेताचाच आहे. दिवा जवळ नेल्यावांचून पुष्कळ कांहीं दिसत नाहीं.

ज्या मुलाच्या घरापासून ही शिल्पसंपत्ति इतकी जवळ आहे, त्याला शाळेंत कलेचा इतिहास शिकवावयाचा तर तो कसा शिकवावा? या प्रश्नाचें आजचें उत्तर बहुतेकांच्या ओठांवर तयार असतें. संगणकावर चित्रांची मालिका रचावी, प्रोजेक्टरनें ती भिंतीवर टाकावी, आणि एकामागून एक चित्र दाखवीत बोलावें. उत्तर चुकीचें नाहीं. मात्र तें वाटतें तितकें नवें नाहीं, आणि तितकें सोपेंही नाहीं. संगणकावरील चित्रांच्या एकेका पानास 'स्लाइड' म्हणतात. हा शब्द दिव्यापुढें सरकवावयाच्या कांचेच्या पट्टीवरून आला आहे. कांच गेली, दिवा पालटला, परंतु नांव राहिलें. आणि नांवाबरोबर त्या जुन्या विद्येचे गुण आणि दोष हेही मागें राहिले. म्हणून या विद्येची वंशावळ एकदां पाहणें अवश्य आहे.

चित्र दाखवून कथा सांगण्याची रीत आपल्या देशांत फार पुरातन आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या पतंजलीनें आपल्या महाभाष्यांत व्याकरणाची एक शंका उपस्थित केली आहे. कंसाला मरून तर युगें लोटलीं. मग 'कंसाला मारवितो' असा वर्तमानकाळाचा प्रयोग लोक कसा करतात? त्याचें उत्तर असें, कीं शौभिक नांवाचे खेळकरी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तो वध करून दाखवितात. चित्रांतही उगारलेले आणि पडणारे प्रहार दिसतात. आणि कथेकरी शब्दांनीं तो प्रसंग उभा करतात. म्हणून भूतकाळ वर्तमान होतो. चित्रानें शिकविणाराच्या धंद्याचें सारें मर्म या एका उत्तरांत आलें आहे. जें दूर आहे, जें होऊन गेलें आहे, तें ऐकणाराच्या समोर आणून ठेवावयाचें, हेंच त्याचें काम. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकांत चाणक्याचा हेर निपुणक यमपट घेऊन घरोघर हिंडतो, आणि त्याच मिषानें राक्षसाची मुद्रा मिळवितो. यमपट म्हणजे यमलोकींच्या यातनांचीं चित्रें रंगविलेला पट. असे पट दाखवून पोट भरणारे लोक त्या काळीं इतके परिचित असले पाहिजेत, कीं त्या वेषांत हेराचा संशय कोणासही येऊं नये.

हीच परंपरा दक्षिण कोंकणांत आजवर टिकून राहिली. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजांतील चित्रकथी घराण्यांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. एका आख्यानाचीं चित्रें एकत्र ठेविलीं म्हणजे त्यांची 'पोथी' होते. सुट्या कागदांवर ठळक रेषेनें आणि मोजक्या रंगांनीं काढलेलीं हीं चित्रें असतात. माणसें बहुधा एका बाजूनें दाखविलेलीं आणि डोळे मोठे. सूत्रधार एक चित्र फळीस टेकून उभें करतो, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर त्या प्रसंगाचें गायन-निरूपण करतो, आणि प्रसंग संपला म्हणजे पुढचें चित्र वर येतें. किती वेळ कोणतें चित्र ठेवावें, कोठें थांबावें, श्रोत्यांचें लक्ष ढळलें तर कोठें आवाज चढवावा, हें सारें त्याच्या हातीं. चित्र अगोदर रचलेलें असतें, परंतु वाणी त्या रात्रीची असते. या घराण्यांपैकीं परशुराम विश्राम गंगावणे यांनीं पिंगुळीस या कलांचें संग्रहालय उभारलें आणि त्यांना २०२१ सालीं पद्मश्री हा किताब मिळाला. एकामागून एक येणाऱ्या चित्रांवर बोलावयाचें कसें, हें शिकूं इच्छिणाऱ्या शिक्षकानें पाश्चात्य पुस्तकें उघडण्यापूर्वीं पिंगुळीची एक पोथी पाहावी.

दिव्यानें चित्र मोठें करून पडद्यावर टाकण्याची युक्ति मात्र युरोपांतली. १६५९ सालीं ख्रिश्चन हायगेन्स या डच शास्त्रज्ञानें अशा दिव्यासाठीं कांहीं लहान आकृति काढल्या होत्या. त्या आकृति होत्या एका सांगाड्याच्या. सांगाडा आपलें डोकें उचलून पुन्हां खांद्यावर ठेवतो असें त्यांत दाखविलें होतें. आपल्याकडचा यमपट आणि तिकडचा हा नाचरा सांगाडा यांचें साम्य मौजेचें आहे. लोकांना खिळवून ठेवावयाचें तर मृत्यूसारखा विषय नाहीं, हें दोन्हीकडे ओळखलें गेलें होतें. तेलाच्या दिव्याचा उजेड अंधुक पडे. एकोणिसाव्या शतकांत प्राणवायु आणि जलवायु यांच्या ज्योतींत चुन्याची कांडी तापवून प्रखर प्रकाश मिळूं लागला, तेव्हां मोठमोठीं सभागृहें या खेळांस उपयोगी पडूं लागलीं. त्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं लँगेनहाइम बंधूंनीं कांचेवर छायाचित्र उतरविण्याची रीत काढली. आतांपर्यंत कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दाखवीत; आतां खरी इमारत, खरी मूर्ति यांचें प्रतिबिंब पडद्यावर येऊं लागलें. करमणुकीचें यंत्र विद्यालयांत शिरण्याची वाट येथें मोकळी झाली.

महाराष्ट्रांत या दिव्यानें जें रूप घेतलें, तें मात्र अस्सल इकडचें होतें. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं मदनराव माधवराव पितळे यांच्या सहकार्यानें १८९२ सालीं आपला खेळ सुरू केला आणि त्याला नांव दिलें 'शांबरिक खरोलिका'. शंबरासुर हा मायावी विद्येंत निपुण; त्याच्या नांवावरून शांबरिक, म्हणजे मायेची, आणि खरोलिका म्हणजे दिवा. पटवर्धन कांचेच्या लहान पट्ट्यांवर बारीक कुंचल्यानें आकृति रंगवीत. हालचालीचे निरनिराळे क्षण निरनिराळ्या कांचांवर काढून ते झपाट्यानें पालटले, म्हणजे पडद्यावरची मूर्ति हलल्याचा भास होई. पौराणिक कथानकें, सर्कशींतील कसरती, असे त्यांचे विषय होते; खेळास निवेदनाची आणि संगीताची जोड असे. त्यांचे पुत्रही या व्यवसायांत आले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत हे खेळ गांवोगांव होत राहिले. मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंच्या माणसांनीं ७ जुलै १८९६ रोजीं पहिला चलच्चित्रपट दाखविला, त्यापूर्वीं चार वर्षें कल्याणचे लोक हलणारीं चित्रें पडद्यावर पाहत होते. पिंगुळीचा सूत्रधार आणि कल्याणचा पटवर्धन यांच्यांत यंत्राचें अंतर फार आहे. परंतु कथा, गायन आणि क्रमानें येणारें चित्र हा सांगाडा दोघांचा एकच आहे.

शिक्षणासाठीं या साधनाचा पद्धतशीर उपयोग करणारें संस्थान म्हणजे सयाजीराव महाराजांचें बडोदें. १८९० सालीं तेथें कलाभवन निघालें. १९१० सालीं महाराजांनीं अमेरिकेंतून विल्यम बोर्डन यांस आणून ग्रंथालयांचें स्वतंत्र खातें उभें केलें, आणि त्या खात्यांत चित्रांच्या द्वारें शिक्षण देणारी एक शाखाही ठेविली. दिव्याचीं चित्रें आणि पुढें चलच्चित्रें घेऊन ही शाखा खेड्यापाड्यांत मोफत प्रयोग करी. ज्याला अक्षर वाचतां येत नाहीं त्यालाही ग्रंथालयाचा लाभ मिळाला पाहिजे, या विचारांतून ही योजना निघाली होती. अक्षर येत नाहीं म्हणून ज्ञानाचें दार बंद होऊं नये, हें तत्त्व यंत्र पालटलें तरी पालटत नाहीं.

आतां खुद्द कलेच्या शिक्षणाकडे वळावयाचें. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगींतून मुंबईची कलाशाळा १८५७ सालीं सुरू झाली. पडद्यावरचें चित्र हाताशीं नव्हतें त्या काळीं दूरची कला विद्यार्थ्यांपुढें आणण्याचे दोनच मार्ग होते. एक, ग्रीक-रोमन पुतळ्यांचे मातीचे किंवा प्लॅस्टरचे ठसे; दुसरा, हातानें केलेली नक्कल. याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत मुक्काम केला आणि भिंतींवरील चित्रांच्या नकला तयार केल्या. त्यांच्या पूर्वीं मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून हेंच काम हातीं घेऊन आपल्या आयुष्याचीं कैक वर्षें तेथें वेंचलीं होतीं. दैव असें विपरीत, कीं गिलच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या, आणि ग्रिफिथ्सच्या पुष्कळशा नकला १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथील आगींत गेल्या. तरीही ग्रिफिथ्स यांनीं आपला ग्रंथ १८९६-९७ सालीं छापून पुरा केला. पुढें लेडी हेरिंगहॅम यांनीं १९०९ ते १९११ या वर्षांत नव्या नकला करविल्या. आणि निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम याझदानी यांनीं १९३० पासून रंगीत छायाचित्रांसह अजिंठ्याचे ग्रंथ प्रसिद्ध केले.

या हकीगतींतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही, कीं नकलेला कमी लेखूं नये. लेण्यांतील रंग झडत गेले, तसतशी जुनी नकल हीच कित्येक ठिकाणीं साक्षीदार उरली. दुसरी ही, कीं नकल करतांना ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांना जें शिकतां आलें तें नकल पाहणाऱ्यास कधींच शिकतां आलें नाहीं. भुसा मिसळलेल्या मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर, त्यावर गेरू आणि हिरवी माती यांसारखे खनिज रंग, दूर देशाहून आलेल्या राजावर्ताचा निळा रंग, हें सारें त्यांनीं हातभर अंतरावरून दिवसेंदिवस पाहिलें. त्यांचें शिक्षण भिंतीपाशीं झालें.

युरोपांतील विद्यापीठांत कलेचा इतिहास हा स्वतंत्र विषय झाला, तो बव्हंशीं दिव्याच्याच आधारानें. बर्लिन येथें हर्मान ग्रिम या प्राध्यापकानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिव्याच्या चित्रांचा मोठ्या उत्साहानें पुरस्कार केला. १९०१ सालीं त्याच्या जागीं हाइनरिख व्योल्फ्लिन आला. त्यानें दोन दिवे शेजारीं शेजारीं लावून दोन चित्रें एकाच वेळीं दाखविण्याची पद्धत रूढ केली. एकीकडे सोळाव्या शतकांतील चित्र, दुसरीकडे सतराव्यांतील. एकांत रेषेचा कांटेकोरपणा, दुसऱ्यांत छायाप्रकाशाचा ओघ. वर्णनानें जें तासभर सांगून कळलें नसतें तें एका दृष्टिक्षेपांत कळूं लागलें. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मुख्य ग्रंथाची मांडणीही अशाच जोड्यांवर उभी आहे. तो व्यासपीठावर उभा न राहतां अंधारांत विद्यार्थ्यांच्या बाजूस उभा राही, आणि चित्र पडद्यावर आलें कीं कांहीं वेळ कांहींच बोलत नसे, असें त्याच्या शिष्यांनीं लिहून ठेविलें आहे. प्रथम डोळ्यांना आपलें काम करूं द्यावयाचें, मग जिभेनें आपलें करावयाचें, असा तो क्रम होता.

या पद्धतीनें विषयाचें कल्याण केलें तसे त्याला कांहीं कायमचे दोषही लावून दिले. दिव्याच्या कांचा त्या काळीं बहुधा काळ्या-पांढऱ्या असत. त्यामुळें रंगाविषयीं बोलणें अवघड आणि रेषेविषयीं बोलणें सोपें झालें. त्याहून मोठा दोष मापाचा. पडद्यावर प्रत्येक वस्तु पडद्याएवढीच होते. लिओनार्दोची 'मोना लिसा' ही ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन हातांत सहज धरतां येईल एवढी फळी. आणि सिस्टाइन प्रार्थनामंदिराचें मायकेलअँजेलोनें रंगविलेलें छत सुमारें ४० मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. परंतु पडद्यावर दोन्ही शेजारीं येऊन बसलीं म्हणजे विद्यार्थ्यास तीं एकाच मापाचीं भासतात. वेरूळचें कैलास लेणें डोंगर वरून खालीं कोरीत नेऊन निर्माण केलें आहे. त्याभोंवतीं हिंडतांना माणूस जो लहान होत जातो, तो अनुभव पडद्यापुढील खुर्चीवर बसून मिळणें शक्य नाहीं. शिल्पाची पाठ, त्याचा गारवा, त्यावर सकाळीं आणि संध्याकाळीं पडणारा निराळा उजेड, यांपैकीं कांहींच कांचेंतून पलीकडे जात नाहीं.

त्यानंतरचा यंत्रांचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १९३६ पासून कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मवर लहान स्लाइड तयार होऊं लागल्या आणि रंगाची उणीव बरीच भरून निघाली. १९६१ सालीं त्याच कंपनीनें गोल तबकडींत स्लाइड भरून एकामागून एक दाखविणारा प्रोजेक्टर बाजारांत आणला. जगभरच्या कलाशाळांतून स्लाइडांचे संग्रह वाढले. त्यांच्या कपाटांची राखण करणारे स्वतंत्र ग्रंथपाल नेमले गेले. मग २००४ सालीं कोडॅकनें हे प्रोजेक्टर बनविणें थांबविलें. पिढ्यान् पिढ्या जमविलेले संग्रह पाहतां पाहतां अडगळ ठरले.

त्यांची जागा घेणारी आज्ञावली मुळांत कलेसाठीं किंवा शाळेसाठीं जन्मलीच नव्हती. कॅलिफोर्नियांतील फोरथॉट नांवाच्या लहानशा कंपनींत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनीं 'पॉवरपॉइंट' तयार केलें आणि १९८७ सालीं तें विक्रीस आलें. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें १ कोटी ४० लाख डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली. पहिल्या आवृत्तींत पारदर्शक कागदांवर छापावयाचीं काळीं-पांढरीं पानें तेवढीं करतां येत. पुढील आवृत्तींत रंगीत स्लाइड आल्या. आणि १९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून संगणकाचें चित्र सरळ पडद्यावर टाकण्याची सोय झाली. व्यापारी कचेऱ्यांतील बैठकांत थोडक्यांत मुद्दे मांडावयाचे, हा तिचा मूळ हेतु. त्यामुळें नवें पान उघडलें कीं वर मथळा आणि खालीं ठिपक्यांपुढें मुद्दे, अशी चौकट ती आपण होऊन पुढें करते. अमेरिकन लेखक एडवर्ड टफ्टी यानें २००३ सालीं या चौकटीवर कडक टीका केली. यंत्र विचाराचे तुकडे करतें आणि मोठ्या गोष्टीस लहान खणांत कोंबतें, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. कलेच्या शिक्षकास हा धोका दुप्पट आहे. तो चौकटीच्या आधीन झाला तर चित्र कोपऱ्यांत जातें आणि मधली जागा शब्द बळकावतात. मुलें मग चित्र पाहण्याऐवजीं मुद्दे उतरून घेतात.

तरीही या साधनाचे उपकार थोडे नाहींत. पूर्वीं एका स्लाइडसाठीं छायाचित्रकार, रसायनें आणि पैसा लागे. आतां जगांतील मोठमोठीं संग्रहालयें आपलीं चित्रें मोकळ्या हातानें देऊं लागलीं आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें फेब्रुवारी २०१७ मध्यें ३ लाख ७५ हजार चित्रें कोणीही विनामूल्य वापरावीं म्हणून खुलीं केलीं. भारतांतील राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तु पाहण्यासाठीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें 'जतन' नांवाची आज्ञावली तयार केली. महाराष्ट्रांतील जिल्हा परिषदांच्या शाळांतही संगणक आणि पडदे आले. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम २०१५ सालीं सुरू झाल्यानंतर या कामास वेग आला. कासुर्डीवरून जाणारा तोच रस्ता पुढें माढा तालुक्यांत शिरतो. त्या तालुक्यांतील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांच्या पानांवर चौकोनी संकेतचिन्हें छापून घेण्याची कल्पना अमलांत आणली. तें चिन्ह दूरध्वनीच्या डोळ्यास दाखविलें कीं पाठाशीं जुळणारें चित्र किंवा आवाज समोर येतो. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्यें दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. चित्र मुलापर्यंत पोंचविणें हा प्रश्न पटवर्धनांच्या काळीं कष्टाचा होता. आतां तो पुष्कळ अंशीं सुटत आला आहे.

सुटलेला नाहीं तो दुसरा प्रश्न. चित्र मुलापर्यंत पोंचलें. मूल वस्तूपर्यंत पोंचतें काय? कासुर्डीसारख्या गांवांतील मुलानें शाळेच्या भिंतीवर सिस्टाइनचें छत पाहावें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तें छत पाहून तें मूल असें समजूं लागलें, कीं कला म्हणजे दूर देशीं असणारी आणि पडद्यावर चमकणारी कांहीं वस्तु, तर दिव्यानें उजेड न देतां डोळे दिपविले असें म्हणावें लागेल. भुलेश्वराच्या भिंतीवरील पुष्कळशा मूर्ति भंगलेल्या आहेत. ज्या मुलांनीं त्यांना आपल्या मानावयाच्या, त्यांना त्यांची ओळखच नसेल तर उरलेल्यांची काळजी कोण वाहणार? पडदा उजळला आणि डोंगरावरची वैनायकी अंधारांतच राहिली, असा हा व्यवहार होऊं नये.

तो होऊं नये म्हणून फार मोठ्या खटपटीची जरूरी नाहीं. जुन्या विद्येनें शिकविलेल्या चार गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ. एका पानावर एकच चित्र असावें आणि त्याच्या अंगावर शब्द नसावेत. शब्द शिक्षकाच्या तोंडीं शोभतात, जसे ते चित्रकथ्याच्या तोंडीं शोभत. चित्र आलें कीं क्षणभर गप्प राहावें, जसा व्योल्फ्लिन राही. प्रत्येक चित्राबरोबर त्याचें माप सांगावें, आणि तें आंकड्यांनीं न सांगतां फळ्याशीं, दाराशीं, मुलाच्या उंचीशीं ताडून सांगावें. मोना लिसाच्या मापाचा एक कागद कापून हातीं दिला तर तीस मुलांना मापाचा दोष जन्मभर समजेल. आणि जोडी लावावयाची तर तिच्यांतील एक चित्र जवळचें असावें. ग्रीक देवता दाखवावयाची असेल तर तिच्या शेजारीं भुलेश्वराची सुरसुंदरी असावी. परदेशच्या देवळाचा खांब दाखवावयाचा असेल तर शेजारीं त्याच डोंगरावरच्या देवळाचा खांब असावा. मग मुलाच्या मनांत तुलना उभी राहते आणि तुलनेबरोबर आपुलकीही येते.

याहून एक पाऊल पुढें जातां येतें, आणि तेथें आजचें साधन जुन्या सर्व साधनांस मागें टाकतें. कांचेची पट्टी रंगविणें पटवर्धनांसारख्या कुशल हातालाच साधे. प्रेक्षकानें पाहावें एवढेंच त्याचें काम. संगणकाचें पान मात्र दहा वर्षांचें मूलही रचूं शकतें. मुलांना घेऊन डोंगर चढावा, त्यांच्या हातीं विजेऱ्या द्याव्यात, एकेका मूर्तीपुढें थांबावें. कोठली मूर्ति धड आहे, कोठली भंगली आहे, कोणाच्या हातांत काय आहे, हें त्यांनीं स्वतः टिपावें, पेन्सिलीनें रेखाटावें, छायाचित्र घ्यावें. मग शाळेंत परत येऊन त्यांनींच चित्रमालिका रचावी आणि गांवकऱ्यांपुढें ती दाखवावी. ग्रिफिथ्सचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भिंतीपाशीं जें शिकले, त्याचा थोडासा अंश या मुलांच्या पदरांत पडेल. शिवाय आज टिपलेली मूर्ति उद्यां झिजली तर त्यांचीं साधींसुधीं चित्रें हीच तिची साक्ष ठरतील. अजिंठ्याच्या नकलांनीं हें एकदां सिद्ध करून दाखविलें आहे.

पतंजलीच्या काळापासून आजवर चित्र दाखविणाराचा धंदा एकच आहे: जें दृष्टीआड आहे तें डोळ्यांसमोर आणावयाचें. पटाची जागा पोथीनें घेतली, पोथीनंतर कांच आली, कांचेनंतर फिल्म, आणि फिल्मनंतर संगणकाचा प्रकाश. यांपैकीं प्रत्येक साधन आपल्या काळीं नवलाईचें होतें आणि प्रत्येकाची नवलाई ओसरली. कोडॅकची तबकडी गेली, तसें आजचें यंत्रही एके दिवशीं जाईल. चित्र पाहून मूल जागचें उठतें कीं बसून राहतें, याच कसोटीवर हीं सारीं साधनें ओळीनें लावावीं लागतात. कासुर्डीच्या भिंतीवर उजळलेलें चित्र पाहून एखादें मूल यवतच्या वाटेनें डोंगर चढलें आणि काळोखांतल्या वैनायकीपुढें विजेरी धरून उभें राहिलें, तर त्या दिव्याचें काम झालें असें समजावें.